रानात दगडं वाढलीत की माती गेलीय? माणदेश, वाळवंटीकरण आणि आता आलेलं पाणी

माणदेशी_भांडुप (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असतो इथे, पण गेले दोन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. वडील ७२ च्या दुष्काळानंतर मुंबईत आले, मशीद बंदरला माथाडीत लागले, आम्ही भावंडं भांडुपलाच वाढलो. गावाकडे नऊ एकर रान आहे ते धाकटे चुलते, म्हणजे तात्या करतात. मे महिन्यात जत्रेला गेलो होतो. वरच्या रानाच्या बांधावर एक जुना लिंब (कडुलिंब) आहे, लहानपणी सुट्टीत त्याच्या बुंध्याला टेकून आम्ही भाकरी खायचो. यावेळी बघतो तर बुंध्याखाली मुळ्या उघड्या पडलेल्या, हातभर तरी असतील, माझी धाकटी मुलगी त्या मुळ्यांच्या खालून सरपटत पलीकडे गेली. आणि रानात नुसते दगड. तात्यांना म्हटलं एवढे दगड नव्हते हो पूर्वी, तर म्हणाले "दगडं वाढत्यात बाबा, दरसाल येचतो तरी वर येत्यात." आज्जी पण हेच म्हणायची, की रानात दगडं उगवतात. परत येताना एसटीत बसल्यावर लक्षात आलं, लिंब काही वर उचलला गेला नाही, त्याच्याखालची जमीन गेली, मग दगडांचंही तेच असणार.

घरी येऊन वाचायला लागलो तर सगळीकडे एकच शब्द, वाळवंटीकरण. आपल्याकडे वाळू नाही, उंट नाहीत, मग हे आपल्याला लागू आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जास्त जवळचा आहे. शिवारात आता उरमोडी धरणाचं पाणी आलंय. पाटाला पाणी आलं त्यादिवशी वडील व्हिडिओ कॉलवर रडले, आमच्या तीन पिढ्यांनी जे बघितलं नाही ते आलं. आता तात्या म्हणतात खालचं सगळं रान उसाला घालायचं. मला कशाची भीती वाटते ते मलाच नीट सांगता येत नाहीये, पण वाटतेय. जाणकारांनी कृपया लिहा.


भूगोलबाई_दादर
रविवार, सकाळी ८:०५

फार चांगला धागा. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि या शब्दाने पोरांचा दरवर्षी गोंधळ झालेला पाहिला, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते.

वाळवंटीकरण म्हणजे थर किंवा सहारा पुढे सरकत येणं असं सगळ्यांना वाटतं. संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, १७ जून १९९४ ला पॅरिसमध्ये स्वीकारला गेला, म्हणूनच १७ जूनला वाळवंटीकरणविरोधी दिवस पाळतात. त्या करारातली व्याख्या सरळ आहे, शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या-दमट प्रदेशातली जमीन हवामानातल्या चढउतारांमुळे आणि माणसाच्या वागण्यामुळे निकस होत जाणं. त्यात वाळूचा उल्लेखही नाही. वाळवंट हा निसर्गाचा एक प्रदेश आहे, त्याची स्वतःची झाडं, प्राणी, माणसं आहेत, त्यात काही वाईट नाही. वाळवंटीकरण हा जमिनीचा आजार आहे. तो गावाबाहेरून येत नाही, एखाद्या बांधापाशी, एखाद्या विहिरीभोवती, एखाद्या उतारावर ठिपक्यासारखा सुरू होतो आणि असे ठिपके एकमेकांना मिळत जातात.

तेव्हा हो, माणला हा शब्द लागू आहे. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राने उपग्रहावरून देशाचा नकाशासंग्रह काढलाय, २०१८-१९ च्या आकड्यांप्रमाणे देशातली ९७८.५ लाख हेक्टर जमीन म्हणजे २९.७७ टक्के निकस झालेली आहे, आणि महाराष्ट्रात तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. आपण राजस्थानकडे बोट दाखवत बसतो.


विनय_ठाणे
रविवार, सकाळी १०:४०

थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग नसावा. माणदेश कोरडाच होता की. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडे उरलंसुरलं पडतं, त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरच्या वर आणि माणला जेमतेम साडेचारशे-पाचशे, आपल्या मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. जुन्या काळातला तो दुर्गादेवीचा दुष्काळ काय माणसांनी बोअर मारून आणला होता का? प्रत्येक गोष्टीत शेतकऱ्याला जबाबदार धरायची सवय शहरात बसलेल्यांना लागलीय, ती मला खटकते. मुळ्या उघड्या पडल्या म्हणजे थोडी धूप झाली, ती कुठेही होते.


मृदसंधारण_निवृत्त
रविवार, दुपारी ३:१५

विनयराव, शेतकऱ्याला दोषी धरू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण दुष्काळ आणि वाळवंटीकरण यांची गल्लत करू नका. दुष्काळ येतो नि जातो. ७२ ला मी कॉलेजात होतो, दुष्काळी मदतीची सुकडी खाल्लेली माणसं आहोत आम्ही. ७५ ला पाऊस बरा झाला तेव्हा जिथे माती शिल्लक होती तिथे बाजरी परत डोक्याएवढी आली, आणि जिथे माती गेली होती तिथे कितीही पाऊस पडला तरी काही आलं नाही. पाऊस परत आला तरी जमीन परत येत नाही, तिथून वाळवंटीकरण म्हणायचं.

नोकरीची बत्तीस वर्षं सोलापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात बांध घालण्यातच गेली, तेव्हा मुळ्यांबद्दल लिहितो. झाडाच्या मुळ्या उघड्या पडणं ही आम्ही फूटपट्टीसारखी वापरायचो. झाडाचं वय माहीत असलं की किती वर्षांत किती माती गेली याचा अंदाज येतो. बोटभर माती तयार व्हायला कित्येक शतकं लागतात. तुमच्या लिंबाखालून हातभर गेली ती बहुतेक दोन माणसांच्या आयुष्यात गेली.

कशी जाते ते बघा. आपल्याकडचा पाऊस कमी आहे पण तो रिमझिम नसतो. वळीव येतो, नाहीतर परतीचा, तासाभरात साठ-सत्तर मिलीमीटर कोसळतो. उघड्या जमिनीवर टपोरा थेंब आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक कण सुटे होतात, ते भेगांत बसून वरती एक पापुद्रा धरतो, मग पाणी आत मुरायच्या ऐवजी उतारावरून पळतं आणि पळताना बारीक माती आधी नेतं कारण ती हलकी. दगड जागेवर राहतो. तात्या बिचारे दरसाल दगड वेचतात आणि दरसाल नवा दगड दिसतो याचं कारण हे. शिवाय बारीक मातीबरोबर कुजलेला पालापाचोळा जातो, म्हणजे सेंद्रिय कर्ब. तुमच्याकडच्या हलक्या रानात तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असणार. कडबा जनावराला, शेण चुलीला किंवा विकायला, धसकटं पेटवायची, मग जमिनीला परत काय जातं? कर्ब गेला की माती पाणी धरत नाही, पाणी धरलं नाही की पंधरा दिवसांची उघडीप पण पिकाला मारते, आणि माणूस म्हणतो पाऊस कमी झाला. पाऊस कित्येकदा तेवढाच असतो.

आणि हे तात्यांच्या आळशीपणाने झालं असं कुणी समजू नये. जुन्या लोकांनी उताराला आडव्या ताली, म्हणजे माती अडवणारे बांध, टाकलेल्या होत्या, दगडाचे सांडवे होते. ताल फुटली तर आठ दिवसांत चार बैल आणि सहा माणसं लागतात. ७२ नंतर घरटी एक माणूस मुंबईला, एक गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात कुठे कलकत्त्याला नाहीतर केरळात. ताल बांधायला राहिलं कोण?


माणदेशी_भांडुप
रविवार, दुपारी ४:०२

काका, शेवटची ओळ वाचून गप्प झालो. आमच्याकडे वडील आणि मधले काका दोघं मुंबईला. वरची ताल ८३ साली फुटली ती आजतागायत तशीच आहे असं तात्या सांगतात. म्हणजे ज्या पैशावर मी शिकलो त्याच्याच बदल्यात ती ताल राहिली.


तेजू_कांदिवली
रविवार, रात्री ९:३०

मी एमएस्सीला आहे, पर्यावरणशास्त्र. जानेवारी २०२२ चा तो रविवार आठवतोय का कुणाला? २३ तारीख. सकाळपासून सगळं पांढुरकं, उन्हाचा पत्ता नाही, गाड्यांवर पिठासारखी धूळ, बाबांनी आधी म्हटलं बाजूच्या टॉवरचं काम असेल. नंतर कळलं की पाकिस्तानकडून उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून गुजरात-मुंबईपर्यंत आलं होतं. भर दुपारी थंडी वाजत होती. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ही कुणाच्या तरी जमिनीची माती आहे जी आमच्या बाल्कनीत पडलीय.

एक प्रश्न, आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं की सहारा दरवर्षी काही किलोमीटर दक्षिणेला सरकतो. ते चूक आहे का मग?


भूगोलबाई_दादर
सोमवार, सकाळी ७:५०

तेजू, सत्तरच्या दशकात असे आकडे खूप फिरले, वर्षाला साडेपाच किलोमीटर वगैरे. पुढे उपग्रहाची चित्रं सलग मिळायला लागल्यावर दिसलं की सहाऱ्याच्या दक्षिणेच्या काठावरची हिरवी रेघ चांगल्या पावसाच्या वर्षी उत्तरेला जाते, वाईट वर्षी दक्षिणेला येते. वाळूची लाट चालून येतेय हे चित्र खरं नव्हतं. पण त्या चित्रामुळे उपायही तसेच सुचले, भिंत बांधा, झाडांची रांग लावा. आफ्रिकन युनियनने २००७ मध्ये आठ हजार किलोमीटरची हिरवी भिंत जाहीर केली ती याच कल्पनेतून आलेली, नंतर तिचंही रूप बदललं आणि ती गावागावांतल्या जमीन सुधारण्याच्या कामांची गोधडी झाली, ते बरंच झालं.

सहाऱ्याच्या त्या दक्षिण काठाला साहेल म्हणतात, त्या पट्ट्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६८ ते ७३ तिथे भयंकर दुष्काळ पडला. ज्यूल चार्नी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलं की जनावरांनी गवत खाऊन जमीन उघडी पडली, उघडी जमीन ऊन परत फेकते, त्यामुळे वरची हवा थंड होऊन खाली बसते आणि ढगच धरत नाहीत, म्हणजे माणसानेच पाऊस घालवला. पटण्यासारखं होतं, सगळ्यांनी उचललं. पण पुढच्या अभ्यासांतून दिसलं की मूळ धक्का समुद्राच्या तापमानातल्या बदलाचा होता, जमीन उघडी पडल्यामुळे तो धक्का जास्त जोरात बसला आणि जास्त टिकला. तेव्हा विनयराव, तुम्ही म्हणता तो निसर्ग आणि काका म्हणतात ती माणसाची करणी ही दोन्ही एकाच दोरीचे पीळ आहेत.

आणखी एक. त्याच काळात तिथल्या भटक्या पशुपालकांसाठी मदत म्हणून खोल विहिरी खोदल्या. पूर्वी पाणी संपलं की कळप पुढे जायचा, जमिनीला विश्रांती मिळायची. आता बारमाही पाणी एका जागी, मग सगळे कळप तिथेच. विहिरीभोवती कित्येक किलोमीटर जमीन तुडवून उघडी झाली आणि जनावरं तहानेने मेली नाहीत, चाऱ्यावाचून मेली. माणदेशीभाऊ, तुम्हाला कशाची भीती वाटतेय त्याचं उत्तर मला या विहिरींत दिसतं. एकटं पाणी आलं आणि बाकीचं काहीच बदललं नाही तर असं होतं.


मध्य_रेल्वे_प्रवासी
सोमवार, सकाळी ९:१०

वाचतोय. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत. बाई, विहिरींचं उदाहरण फार लागलं.


पार्ल्याचा_पाईपवाला
सोमवार, रात्री १०:४५

मी कामानिमित्त उझबेकिस्तानात तीन वर्षं होतो, वायूच्या पाईपलाईनवर. सुट्टीच्या दिवशी नुकूसहून गाडी करून मुयनाकला गेलो होतो. हे एकेकाळी अरल समुद्राचं बंदर, मासे डबाबंद करायचा मोठा कारखाना होता तिथे. आज गावाच्या कडेला उभं राहिलं की खाली वाळूत गंजलेली जहाजं दिसतात आणि पाणी नजरेच्या टप्प्यात कुठेच नाही. मी कोकणातला माणूस, मालवणला आजोळ. होडी वाळूवर ओढलेली बघायची सवय आहे, ती संध्याकाळी परत पाण्यात जाणार हे माहीत असतं. ही जहाजं परत जाणार नाहीत हे कळल्यावर मी तिथे फोटो काढू शकलो नाही.

झालं काय तर अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या अरलला मिळायच्या. १९६० च्या आसपास सोव्हिएत सरकारने कापसासाठी त्यांचं पाणी वळवायचं ठरवलं. कालवे बरेचसे कच्चे, अस्तर नाही, पाणी शेतात पोचायच्या आधीच अर्धं जिरायचं. १९६० मध्ये जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर, सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकणाच्या दुपटीहून मोठं, ते आटून तुकडे झाले आणि उघड्या पडलेल्या तळाला आता अरलकुम म्हणतात, जगातलं सगळ्यात तरुण वाळवंट. त्या तळात मीठ आहे आणि शेतांतून धुऊन आलेली कीटकनाशकं आहेत. वारा सुटला की ते सगळं हवेत. आमच्या साईटवरचा स्थानिक फोरमन म्हणायचा की त्याच्या आईच्या चहाला कायम खारट चव असायची.

मला जास्त धक्का शेतांचा बसला. वाटेत मैलोन्मैल कापसाची शेतं, आणि मधेमधे पांढरे पट्टे. मला वाटलं बर्फ आहे. ते मीठ होतं. पाणी अतोनात दिल्याने वर आलेलं मीठ. म्हणजे समुद्र आटवून ज्या शेतांना पाणी दिलं ती शेतंही मिठाने मेली.

एक बरी गोष्टही आहे, कझाकस्तानने २००५ मध्ये उत्तरेच्या छोट्या तुकड्याला कोक-अरल धरणाने अडवलं, तिथे पाणी चढलं, खारटपणा कमी झाला, मासे परत आले. दक्षिणेकडे तसं काही झालं नाही, तिथे आता उघड्या तळावर सॅक्सॉलची झुडपं लावतायत, निदान मीठ उडू नये म्हणून.


गवती_माळ
मंगळवार, सकाळी ६:५५

मी गेली अठरा वर्षं पक्षी बघायला नान्नज, सासवड, माण या भागात जातो, राहायला मुलुंडला. मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं ते लिहितो. माळरान हे पडीक रान नाही. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात, आपणही बोलताना म्हणतो, आणि मग पावसाळा आला की मुंबई-पुण्याच्या बसेस भरून जातात आणि माळावर खड्डे खणून झाडं लावतात. साडेचारशे मिलीमीटर पाऊस, वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली अखंड काळा दगड, तिथे मुळात गवतच असतं. पवना, मारवेल, कुसळी. गवताच्या मुळांचं जाळं ती वीतभर माती घट्ट धरून ठेवतं, झाडापेक्षा चांगलं. ते उकरून ग्लिरिसिडियासारखं परदेशी झाड लावलं की गवत गेलं, मेंढरं गेली, लांडगा गेला, माळढोक तर नान्नजला दिसलाच तर बातमी होते.

आणि वेडी बाभूळ. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६१ मध्ये मिठाचं रण पुढे येऊ नये म्हणून मुद्दाम लावली. वाळवंट थांबवायला आणलेल्या झाडाने आशियातल्या एका उत्तम गवताळ पट्ट्याचा मोठा भाग गिळला, तिथले मालधारी (पशुपालक) आजही तिच्याशी झगडतायत. आपल्याकडेही नदीकाठाने, ओढ्याने घुसलीय. तेव्हा हिरवं दिसलं म्हणजे जमीन बरी झाली असं नाही हो.


विनय_ठाणे
मंगळवार, सकाळी ११:२०

मेंढरांबद्दल मात्र मी ऐकलंय की सगळा माळ तीच उजाड करतात. नगरकडच्या हिवरे बाजार गावात चराईबंदी केली म्हणून गवत आलं ना?


गवती_माळ
मंगळवार, दुपारी १:३०

चराईबंदीने गवत आलं हे खरं आहे, मी स्वतः बघितलंय. पण धनगराचा कळप दिवाळीनंतर माणातून निघून कोकणापर्यंत जायचा आणि पावसाळ्याला परत. तेवढे महिने माळ मोकळा. वाटेत शेतकरी वाडगं बसवायला, म्हणजे कळप रात्रभर आपल्या रानात बसवायला, बोलवायचे, रात्रीच्या मुक्कामाचे धान्य देऊन, कारण लेंडीखतासारखं खत नाही. आता वाटेवर प्लॉटिंग, द्राक्षाच्या बागा, कुंपणं. कळप फिरायचा थांबला की तोच कळप जमीन खातो. बाईंनी सांगितलेल्या साहेलच्या विहिरींसारखंच झालं हे. मेंढराच्या तोंडात दोष नाही, त्याची वाट आपण बंद केली.


कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ११:५५

पार्लेकरांचा प्रतिसाद वाचून झोप येईना म्हणून लिहितोय.

मी शिरोळ तालुक्यातला. कृष्णा-पंचगंगेच्या मधला मुलूख, पाण्याला कधी तोटा नाही, काळीभोर जमीन, पुरुष-दीड पुरुष खोल. लोकांना वाटतं इथे कसलं वाळवंट. माझ्या वडिलांची साडेतीन एकर जमीन डोळ्यांदेखत मेली आणि ती पाण्याने मेली. ते पांढरे पट्टे मी उझबेकिस्तानात न जाता बघितलेत.

आमच्याकडे मीठफुटी म्हणतात. उपसा सिंचन योजना आली, ऊस आला, सुरुवातीची पंधरा वर्षं सोन्यासारखी गेली, एकरी साठ टन, घर बांधलं, बहिणीचं लग्न झालं, माझं इंजिनिअरिंग त्याच उसावर झालं. पाणी द्यायचं म्हणजे सऱ्या काठोकाठ भरायच्या, पाळी आली की लागो न लागो पाणी घ्यायचं कारण पैसे एकराच्या हिशोबाने आधीच भरलेले. काळी माती पाणी खाली सोडत नाही. पाण्याची पातळी खालून वर वर येत राहिली. वर आलं की ऊन ते शोषून घेतं, पाणी उडून जातं आणि त्यातला क्षार वरच राहतो, दिव्याच्या वातीतून तेल चढतं ना तसं. आधी हिवाळ्यात सकाळी वरंब्यावर पांढरी पिठी दिसायला लागली. वडील म्हणाले दव आहे. मग उसाच्या पानांच्या कडा करपल्या, मग रानात मधेच टक्कल पडल्यासारखे डाग, तिथे कांडंच धरेना. साठाचे चाळीस झाले, पंचवीस झाले, वडिलांनी खत दुप्पट केलं, म्हणजे त्या मिठात आणखी मीठ. शेवटी जमीन चोपण झाली, ओली असली की साबणासारखी, वाळली की दगड. नांगर लागत नाही. २०११ पासून तिथे काही नाही, बाभळी आहेत.

वडील रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहायचे. पीक नसलेल्या रानाला राखण घालायला गेल्यासारखे. मी म्हणायचो मुंबईला या, तर म्हणायचे जमीन आजारी आहे, सोडून कसं येऊ.

आता आमच्या भागात काही गावांनी एकत्र येऊन चार-पाच फुटांखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा काढलाय, पाणी ओढ्याला सोडलंय, दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन जमिनी परत आल्यात, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण ते एकट्यादुकट्याला जमत नाही, खालच्या शेजाऱ्याने पाईप जाऊ दिला पाहिजे, आणि खर्च मोठा.

माणदेशीदादा, तुमच्या तात्यांना पाणी घेऊ नका असं चुकूनसुद्धा सांगू नका. पन्नास वर्षं वाट बघितलेल्या माणसाला असं सांगायचा मला तरी अधिकार नाही. पण पाणी कसं द्यायचं ते पहिल्या दिवसापासून ठरवा. आम्हाला कळलं तेव्हा पंधरा वर्षं उशीर झाला होता.


भूगोलबाई_दादर
बुधवार, सकाळी ७:३०

कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. चार हजार वर्षांपूर्वी इराकच्या दक्षिणेला, युफ्रेटिस-तैग्रिसच्या काठी सुमेरी लोकांच्या शेतात हेच झालं होतं. त्यांच्या मातीच्या पाट्यांवरच्या हिशोबांत गहू कमी कमी होत जातो आणि सातू वाढत जातो, कारण सातू क्षार जास्त सोसतो. दगडधोंड्यांचा माळ आणि दीड पुरुष काळी जमीन, दोन्हीकडची माती मरू शकते, एकीकडची वाहून आणि दुसरीकडची जागच्या जागी.


विनय_ठाणे
बुधवार, सकाळी १०:१५

माझं पहिलं मत थोडं घाईचं होतं, मान्य. पण प्रश्न सोडत नाही. ऊस लावू नको म्हणणं सोपं आहे. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे, वारा-पावसात तग धरतो. डाळिंब लावलं तर तेल्या रोग येतो, सांगोला-आटपाडीत बागाच्या बागा तोडल्या लोकांनी. कांदा लावला तर भावाचा जुगार. तात्यांनी काय करायचं?


मृदसंधारण_निवृत्त
बुधवार, सायंकाळी ६:४०

विनयराव, खरा प्रश्न विचारलात. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नोकरीत असताना भाषणातून जी सोपी उत्तरं मी दिली त्यांचं आज वाईट वाटतं.

पण एक प्रयोग झालेला आहे तो सांगतो. पुरंदर तालुक्यातलं नायगाव. विलासराव साळुंखे हे उद्योजक, ७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं बघून अस्वस्थ झाले, तिथे देवस्थानची १६ हेक्टर उघडीबोडकी जमीन घेऊन समपातळी बांध घातले, तळं केलं, धान्य पिकवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत निघाली. नियम असे की पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही तर घरातल्या माणसांच्या हिशोबाने, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. हिवरे बाजारनेही तेच केलं, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, दरवर्षी पावसाचा जमाखर्च मांडून रब्बीत काय लावायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. या गावांत पाऊस चारशेच्या आसपास आहे. तिथे बदललं ते पाणी वाटायचं गणित.

आफ्रिकेतलंही एक सांगतो, नायजर देशात शेतकऱ्यांनी तोडलेल्या झाडांच्या जिवंत खुंटांना आलेले फुटवे नुसते राखले, नवीन रोप नाही, नर्सरी नाही. जुन्या कायद्यात झाड सरकारच्या मालकीचं होतं म्हणून कुणी राखत नव्हतं, तो जाच कमी झाल्यावर लोकांनी राखलं. पन्नास लाख हेक्टरच्या आसपास शेतजमीन अशी परत झाडांखाली आलीय. शेजारच्या बुर्किना फासोमध्ये याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने दगडासारख्या जमिनीत उन्हाळ्यात छोटे खड्डे घेऊन त्यात शेणखत टाकलं, खतावर वाळवी आली, वाळवीने भोकं पाडली, त्या भोकांतून पाणी मुरलं. लोक त्याला वेडा म्हणायचे. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहुड हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या दोन्ही ठिकाणी मोठं धरण नाही की मोठी भिंत नाही. ज्याची जमीन त्याच्या हातात निर्णय होता.

तात्यांसाठी मी एवढंच म्हणेन, ऊस लावायचाच असेल तर एक-दीड एकर लावावा, ठिबकवर, पाचट जाळू नये, आणि बाकीच्यात ज्वारी, तूर, हरभरा फिरवत राहावं. वरच्या रानाची ताल आधी बांधावी. खालच्या रानाला पाणी देऊन वरची माती जात राहिली तर ती पाटात आणि तळ्यात जाऊन बसणार.


माणदेशी_भांडुप
शुक्रवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तात्यांशी दीड तास बोललो. तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, कृष्णाकाठ यांचा पूर्ण.

आधी चिडले. म्हणाले, "तुमी ममईत नळ सोडून दात घासता आन आमाला शिकवता व्हय?" मी उत्तर दिलं नाही, कारण आमचं नळाचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेवरून येतं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर असतो हे मलाही माहीत आहे. २०१६ च्या दुष्काळात घाटकोपरच्या एका मैदानावर नांदेड-लातूरकडची कुटुंबं झोपड्या टाकून राहिली होती, मी ऑफिसला जाताना रोज बघायचो आणि रोज पुढे जायचो. वडील मात्र एका रविवारी तिथे जाऊन आले, काही बोलले नाहीत, रात्री जेवले नाहीत.

मग तात्यांनी कृष्णाकाठ यांच्या वडिलांचं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. बराच वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. नंतर म्हणाले, "पांढरी पिठी म्हंजी कशी, मिठावानी का चुन्यावानी?"

ठरलं ते असं. दीड एकर ऊस, बाकी काकांनी सांगितल्याप्रमाणे. वरच्या तालीचे पैसे मी आणि धाकटा भाऊ देणार, काम तात्या बघणार, वडील म्हणतात मी येऊन बसतो, मला ताल कशी घालायची ते अजून आठवतं. लिंबाच्या मुळ्यांवर माती ओढायची का तशाच ठेवायच्या यावर तात्या आणि वडिलांचं एकमत झालेलं नाही. वडील म्हणतात ठेवा, पोरांना दिसू दे.

काका, एक विचारायचं होतं. पाणी द्यायच्या आधी माती तपासून घ्यायची आहे. नमुना कसा काढायचा?


मृदसंधारण_निवृत्त
शनिवार, सकाळी ६:१५

हे वाचून फार बरं वाटलं.

खालचं रान आणि वरचं रान वेगवेगळं धरा, एकत्र मिसळू नका. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं घ्या. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्यापाशी, जनावरं बांधतात तिथे घेऊ नका. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही सारखा वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एका घमेल्यात मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा, उन्हात नको. खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका, कापडी पिशवी घ्या.

खालच्या रानाचा एक नमुना मुद्दाम खोलवरचाही काढा, दोन फूट आणि तीन फूट वेगळे. तपासताना सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब तिन्ही मागा. हे कागद जपून ठेवा, तीन वर्षांनी त्याच जागेवरून परत काढायचेत.


कृष्णाकाठ
शनिवार, सकाळी ८:४०

आणि तात्यांना सांगा, मिठावानी. जिभेला लावली की कळते.